घरविम्यातील ‘युद्ध’ आणि ‘दहशतवाद’ ही दोन कलमे : दाबोळीजवळच्या घराविषयी प्रश्न

प्रश्न : चिखलीची सून (वास्को)

नमस्कार.

आमचे घर चिखलीला आहे आणि दाबोळीची धावपट्टी तिथून फार दूर नाही. सासऱ्यांनी बांधलेले चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे घर होते. २०१६ मध्ये आम्ही गृहकर्ज काढून त्याचा मागचा भाग पाडला आणि तिथे स्लॅबचे दोन मजले उभे केले. त्याच वेळी बँकेने घराचा विमाही काढून दिला. कर्जाच्या कागदांत विम्याचा हप्ता एकरकमी कापून घेतल्याची नोंद आहे, एवढेच मला आजवर ठाऊक होते. प्रत्यक्ष पॉलिसी आमच्यापैकी कोणीही उघडून वाचलेली नव्हती.

हा विषय घरात निघाला तो ७ मे २०२५ रोजी, म्हणजे देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला त्या दिवशी. बातम्या पाहता पाहता सासूबाईंनी १८ डिसेंबर १९६१ ची सकाळ सांगितली. त्या तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. भारतीय वायुसेनेच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा घराला काहीही लागले नाही, पण कौलांखालची इतक्या वर्षांची माती सुटून चुलीवरच्या पेजेत पडली आणि आजीने ती पेज तशीच उचलून बाहेर ओतली. हे सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारले, “आता तसे काही झाले तर विम्यातून काही मिळते का गो?” मला उत्तर देता आले नाही.

मी बँकेत विचारले, तेव्हा समोरच्या व्यक्तीने “सगळे कव्हर होते” असे सांगितले. विमा एजंटाने फोनवर सांगितले की दहशतवाद समाविष्ट आहे, पण युद्ध नाही. अमेरिकेत राहणाऱ्या दिरांनी तिकडचा एक लेख पाठवला, त्यात याहून वेगळेच लिहिलेले होते. नौदलाचा तळ, विमानतळ आणि मुरगाव बंदर यांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला हा फरक केवळ शब्दांचा म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून विचारते : विमानतळावर हल्ला झाला आणि त्यात आमच्या घराचे नुकसान झाले, तर ते दहशतवादात धरले जाईल की युद्धात? हे ठरवणार कोण? आणि युद्धाचा विमा वेगळा हप्ता भरून घेता येतो का?

उत्तर : निवृत्त दावे अधिकारी (फोंडा)

ताई, सर्वात आधी पॉलिसीच्या पहिल्या पानावर तिचे नाव काय छापले आहे ते पाहा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. भारतात १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सामान्य विमा कंपनीला राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे विमा नियामकाने बंधनकारक केले आहे आणि तिची मूळ शब्दरचना सर्व कंपन्यांत एकच आहे. त्याआधी घरांसाठीही ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ ही जुनी आग-विमा पॉलिसीच वापरली जात असे. आपली पॉलिसी २०१६ ची असेल, तर ती या दुसऱ्या प्रकारची असण्याची शक्यता मोठी आहे. तूर्त मी नव्या पॉलिसीबद्दल लिहितो. आपण कागद हाती घेऊन पुन्हा लिहा.

भारत गृह रक्षा ही ‘नाव घेतलेल्या संकटांची’ पॉलिसी आहे. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल आणि संप, हेतुपुरस्सर केलेली नासधूस, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे अशी यादी तिच्यात दिलेली आहे आणि त्या यादीतच दहशतवादी कृत्यांचा समावेश आहे. मात्र दहशतवादाच्या नोंदीपुढे ‘सोबत जोडलेल्या दहशतवाद कलमानुसार’ असे शब्द आहेत. ते जोडपत्र बहुतेक ग्राहक वाचत नाहीत, आणि माझ्या अनुभवात कित्येकांच्या फाइलमध्ये ते नसतेच. ते कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.

त्या कलमात दहशतवादी कृत्याची व्याख्या दिलेली आहे. एखाद्या व्यक्तीने किंवा गटाने, स्वतःहून किंवा एखाद्या संघटनेच्या अथवा सरकारच्या वतीने, राजकीय, धार्मिक, वैचारिक किंवा तत्सम हेतूने, सरकारवर दबाव आणण्यासाठी अथवा लोकांत भय पसरवण्यासाठी केलेला बळाचा वापर किंवा त्याची धमकी, असा तिचा आशय आहे. व्याख्येत ‘सरकारच्या वतीने’ हे शब्द आहेत, हे लक्षात ठेवा. म्हणजे हल्लेखोरांच्या पाठीशी दुसरा देश होता, एवढ्यावरून ती घटना दहशतवादाच्या बाहेर जात नाही. शिवाय अशी घटना रोखण्यासाठी किंवा मोडून काढण्यासाठी पोलिसांनी वा लष्कराने जी कारवाई केली, तिच्यामुळे झालेले नुकसानही याच कलमात येते. एखाद्या इमारतीत लपलेल्या हल्लेखोरांना बाहेर काढताना शेजारच्या घराच्या भिंती गेल्या, तर त्या घरमालकाला वाऱ्यावर सोडलेले नाही.

आता वगळलेल्या गोष्टींकडे येऊ. युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूचे कृत्य, शत्रुत्वाच्या किंवा युद्धसदृश कारवाया, गृहयुद्ध, लष्करी बंड, सशस्त्र उठाव, क्रांती, सत्ता बळकावणे, तसेच जनउठावाचे स्वरूप आलेली नागरी अशांतता, अशी ती लांबलचक रांग आहे. त्यातले सर्वात वजनदार शब्द आहेत ‘युद्ध जाहीर झालेले असो वा नसो’. संसदेने किंवा राष्ट्रपतींनी युद्धाची घोषणा केली नव्हती, हा युक्तिवाद त्यामुळे घरमालकाच्या उपयोगाचा राहत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण घेऊ. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. ते व्याख्येनुसार दहशतवादी कृत्य आहे आणि तसाच हल्ला एखाद्या वस्तीत होऊन घरे जळाली असती, तर भारत गृह रक्षा घेतलेल्या घरमालकाला दहशतवाद कलमाखाली दावा करता आला असता. त्यानंतर मे महिन्यात पूंछ भागात पाकिस्तानी लष्कराच्या तोफगोळ्यांनी घरे पडली. तो गोळा दुसऱ्या देशाच्या सैन्याने डागलेला होता, म्हणून ते परकीय शत्रूचे कृत्य आणि युद्धसदृश कारवाई ठरते. अशा घरांची विमा पॉलिसी नियमित असली, तरी कंपनी युद्धाच्या कलमावर बोट ठेवणारच. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तिथल्या मोठे नुकसान झालेल्या घरांना २ लाख आणि अंशतः नुकसान झालेल्या घरांना १ लाख रुपयांची अतिरिक्त मदत जाहीर केली होती. ती सरकारी मदत होती. विम्याशी तिचा काही संबंध नव्हता, आणि एवढ्या पैशांत घर पुन्हा उभे राहत नाही, हे ज्याने चिऱ्याची एक भिंतही बांधून घेतली आहे त्याला सांगायला नको.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : दाबोळीवर हल्ला झाला, तर प्रश्न हल्ला कोठे झाला हा नसून तो कोणी केला हा असेल. शस्त्रे घेऊन आत शिरलेला गट असेल, तर दहशतवाद. परकीय सैन्याचे विमान किंवा क्षेपणास्त्र असेल, तर युद्ध. एक बारकावा इथेच सांगतो. याच पॉलिसीत ‘क्षेपणास्त्र चाचणी’मुळे होणारे नुकसान समाविष्ट आहे, आणि ते वाचून आमच्याकडे काही जण क्षेपणास्त्र म्हणजे सगळीच क्षेपणास्त्रे असे समजून बसत. ते चाचणीपुरतेच आहे.

आणखी एक गोष्ट अनुभवाची आहे. स्फोट झाला की लोक लगेच काचा झाडून टाकतात, आणि लहान मुले घरात असताना ते स्वाभाविकही आहे. पण त्याआधी मोबाइलवर छायाचित्रे काढावीत. काच खोलीच्या आत उडाली आहे की बाहेर अंगणात, खिडकीची चौकट आत ढकलली गेली आहे की बाहेर फुगली आहे, छताचा गिलावा कोणत्या बाजूचा सुटला आहे, यावरून दाब बाहेरून आला की घरातल्या गॅस सिलिंडरचा होता, हे नुकसान तपासायला आलेल्या सर्वेक्षकाला कळते. सिलिंडरचा स्फोट हाही विम्यात येतो, पण वेगळ्या शीर्षकाखाली, आणि ‘स्फोट’ या शीर्षकाखाली दावा बसत असेल तर दहशतवाद कलमाच्या अटींत शिरण्याचे कारण राहत नाही.

उत्तर : वकील (मडगाव)

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. ठरवणार कोण, या भागाबद्दल मी लिहितो.

प्रथम विमा कंपनी ठरवते आणि तिथेच अनेक जण थांबतात. तसे थांबू नये. नुकसान समाविष्ट संकटामुळे झाले, हे दाखवण्याची जबाबदारी विमाधारकाची आहे; पण ते एकदा दाखवले की अपवादाचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर येतो. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितले आहे. २००९ मध्ये कोलकात्याजवळच्या वेदिक व्हिलेज या रिसॉर्टवर जमावाने हल्ला करून जाळपोळ केली होती, आणि विमा कंपनीने अपवादाचा आधार घेऊन दावा नाकारला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात निकाल रिसॉर्टच्या बाजूने दिला. अपवाद लागू होतो हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे, आणि शब्दांत संदिग्धता असेल तर तिचा लाभ विमाधारकाला मिळतो, ही तत्त्वे त्यात पुन्हा ठामपणे मांडली गेली. युद्धाच्या कलमालाही हीच तत्त्वे लागू होतात. ‘सध्या सीमेवर तणाव आहे, म्हणून हा स्फोट युद्धात येतो’ एवढे म्हणून कंपनीला सुटता येणार नाही. तो विशिष्ट स्फोट कोणी घडवला, याचा पुरावा तिला द्यावा लागेल.

दहशतवाद आणि युद्ध यांच्या सीमेवरचा गाजलेला खटला अमेरिकेतला आहे. सप्टेंबर १९७० मध्ये पॅलेस्टिनी गटाने पॅन अमेरिकन कंपनीचे विमान पळवून कैरोला नेले आणि तिथे उडवून दिले. विमा कंपन्यांनी ते युद्धात ढकलण्याचा प्रयत्न केला. १९७४ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला, कारण युद्ध म्हणायचे तर दोन्ही बाजूंना राज्ये किंवा राज्यासारखी सत्ता गाजवणारे घटक असावे लागतात, आणि एखाद्या राजकीय गटाचे कृत्य तेवढ्याने युद्ध ठरत नाही. भारतीय न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा उपयोग होतो.

उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र अपुरे राहील. इंग्लंडमधील एक्सेटर येथे २०२१ मध्ये बांधकामाच्या जागेवर दुसऱ्या महायुद्धातला जर्मन बॉम्ब सापडला. तो १९४२ च्या हवाई हल्ल्यात पडला होता आणि फुटला नव्हता. बॉम्बशोधक पथकाने तो जागेवरच नियंत्रित स्फोट करून नष्ट केला, आणि त्यात विद्यापीठाच्या वसतिगृहांचे नुकसान झाले. विद्यापीठाचे म्हणणे होते की नुकसान २०२१ च्या स्फोटाने झाले, १९४२ च्या युद्धाने नव्हे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि त्यानंतर अपील न्यायालयानेही कंपनीच्या बाजूने निकाल दिला. बॉम्ब टाकणे हे नुकसानाच्या निकट, म्हणजे प्रभावी, कारणांपैकी एक होते, आणि दोन निकट कारणांपैकी एक जरी स्पष्टपणे वगळलेले असेल, तरी अपवाद लागू होतो. एकोणऐंशी वर्षे जमिनीत पडून राहिलेल्या बॉम्बलाही ‘युद्ध’ हा शब्द चिकटून राहिला. हे कलम किती दूरवर पोहोचते, ते यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे लोकांना आणखी एक शंका असते, की फौजदारी खटल्यात दहशतवाद सिद्ध झाल्याशिवाय विमा मिळत नाही का. १६ ऑक्टोबर २००९ रोजी, दिवाळीच्या आदल्या रात्री, मडगावात स्फोट झाला आणि त्यात दोघांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणातील आरोपींची विशेष न्यायालयाने २०१३ च्या अखेरीस निर्दोष मुक्तता केली. अशी प्रकरणे चार-चार वर्षे चालतात. विमा दाव्याला त्यांच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. फौजदारी खटल्यात अमुक माणसाने गुन्हा केला हे निःसंशय सिद्ध व्हावे लागते, तर विमा दाव्यात घटनेचे स्वरूप काय होते, हे शक्याशक्यतेच्या तुलनेवर ठरते. प्रथम माहिती अहवाल, पंचनामा आणि अग्निशमन दलाचा अहवाल यांच्या प्रती मिळवून ठेवा. गुन्हा कोणत्या कायद्याखाली नोंदवला आहे, यालाही महत्त्व आहे, कारण दहशतवादाच्या व्याख्येत बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचा उल्लेख आहे.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जाता येते. गोव्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. त्यासाठी शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. त्याची मुदत दोन वर्षांची.

दिरांनी पाठवलेल्या लेखाबद्दल एकच सांगतो. अमेरिकेत घरांच्या पॉलिसीत युद्ध वगळलेले असते आणि दहशतवादाचे नाव बहुधा घेतलेलेच नसते, त्यामुळे आग किंवा स्फोट या शीर्षकाखाली भरपाई मिळू शकते. २००२ मध्ये तिथे झालेला दहशतवाद विमा कायदा व्यावसायिक विम्यासाठी आहे, घरांसाठी नाही. तिकडचे वाचून इकडच्या पॉलिसीचा अर्थ लावू नये.

उत्तर : सोसायटी सचिव (मांगोर हिल, वास्को)

मी कायद्यातला नाही, पण आमच्या सोसायटीच्या विम्याचे नूतनीकरण गेली नऊ वर्षे मीच पाहतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

आमच्या इमारतीत सात सभासदांना वाटत होते की बँकेने घराचा विमा काढला आहे. कागद मागवल्यावर कळले की त्यांपैकी चौघांकडे कर्जदाराच्या आयुष्याचा विमा होता. कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज फिटेल, पण घर जळले तर एक रुपयाही मिळणार नाही, असा तो प्रकार. चिखलीच्या ताईंनी आपल्या कागदावर ‘इमारत’ असा शब्द आणि घर क्रमांक आहे का, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट रकमेची. भारत गृह रक्षामध्ये विम्याची रक्कम घराच्या बाजारभावाने धरायची नसते. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, असा तो हिशेब असतो, आणि जमिनीची किंमत त्यात येत नाही. वास्कोत जागेला सोन्याचा भाव आहे, म्हणून लोक मोठा आकडा टाकून जास्त हप्ता भरतात, किंवा घाबरून फारच कमी टाकतात. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते.

पुन्हा : चिखलीची सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री कपाटातली घरपट्टीच्या पावत्यांची पिशवी काढली. पॉलिसी तिच्या तळाशी होती, पावसाळ्यातल्या दमटपणाने पाने एकमेकांना चिकटलेली. ती सोडवून, पंख्याखाली वाळवून वाचली.

दावे अधिकाऱ्यांचा अंदाज खरा ठरला. ती जुनी ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसी आहे, दहा वर्षांची, २०१६ ते २०२६. पहिल्या पानावर ‘अतिरिक्त संरक्षण’ या रकान्यात भूकंपापुढे ‘होय’ आहे आणि दहशतवादापुढे ‘नाही’. म्हणजे मला फोनवर जे सांगितले गेले, ते आमच्या पॉलिसीला लागूच नव्हते. सांगणाऱ्याने बहुधा नव्या पॉलिसीचे वर्णन केले असावे, पण नऊ वर्षे आम्ही चुकीच्या समजुतीत राहिलो, याचे मला वाईट वाटते. आता काय करावे? आणि युद्धाच्या वेगळ्या विम्याबद्दलचा माझा प्रश्न राहिला आहे.

उत्तर : निवृत्त दावे अधिकारी (फोंडा)

ताई, आपण स्वतः कागद वाचलात हे फार चांगले केलेत. जुन्या पॉलिसीत दहशतवाद आणि भूकंप हे दोन्ही जादा हप्ता भरून घ्यायचे असत. कर्ज देताना हप्ता कमी दिसावा म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यांतला एखादा गाळला जाई. आपल्याकडे दहशतवाद गाळला गेला.

असे का होते, त्याचा इतिहास थोडा सांगण्यासारखा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी, दहशतवादाचा धोका घेणे बंद केले. भारतात त्यामुळे एप्रिल २००२ मध्ये सामान्य विमा कंपन्यांनी मिळून दहशतवाद जोखमीचा एक सामायिक निधी उभारला. त्याचे व्यवस्थापन जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी पाहते. दहशतवाद संरक्षणाचा हप्ता या निधीत जातो आणि दावेही त्यातून भागवले जातात. सुरुवातीला एका ठिकाणासाठी कमाल मर्यादा २०० कोटी रुपये होती, ती वाढत २,००० कोटींवर गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात ताज आणि ओबेरॉय या हॉटेलांचे जे नुकसान झाले, त्याचा भार याच निधीवर आला. घराच्या पॉलिसीतले आपले दहशतवाद कलम म्हणजे त्या मोठ्या निधीची एक लहानशी पावती आहे, असे समजा.

युद्धासाठी मात्र असा निधी नाही, आणि त्याचे कारण माझ्या मते समजून घेण्यासारखे आहे. विम्याचा पाया असा की शंभर घरांतले एक जळते आणि नव्व्याण्णवांचे हप्ते त्याला उभे करतात. युद्धात एका शहरातली हजारो घरे एकाच रात्री जाऊ शकतात. १९३७ मध्ये, स्पेनमधील गृहयुद्धात शहरांवर बॉम्ब पडू लागल्यावर, ब्रिटिश विमा कंपन्यांनी जमिनीवरील मालमत्तेचा युद्धविमा करायचा नाही, असे आपसांत ठरवले. पुढे १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारला कायदा करून स्वतःच ती जबाबदारी घ्यावी लागली. आपल्याकडेही १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आणि पुन्हा १९७१ मध्ये आणीबाणीच्या जोखमीचे विमा कायदे झाले. पण ते माल, कारखाने आणि उद्योगांसाठी होते. राहत्या घरांना त्या वेळीही त्यात जागा नव्हती, आणि ही उणीव मला आजही खटकते. बंदराजवळच्या गोदामाचा विचार झाला आणि त्याच रस्त्यावरच्या घराचा झाला नाही.

आज बाजारात ‘राजकीय हिंसाचार विमा’ नावाची पॉलिसी मिळते आणि तिच्या काही प्रकारांत युद्धही घेता येते. पण ती मोठी हॉटेले, बंदरे, कारखाने यांच्यासाठी असते. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या घरमालकाला ती दिलेली मी पाहिली नाही. तेव्हा आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, दुर्दैवाने, नाही असेच आहे. केवळ घराबद्दल सांगायचे तर युद्धाचा धोका आपल्याला स्वतःच्या शिरावर ठेवावा लागेल. आपल्या मोटारीच्या पॉलिसीतही युद्ध वगळलेले आहे, हेही याच ओघात सांगून ठेवतो.

आता करायचे काय ते सांगतो. जुनी पॉलिसी २०२६ मध्ये संपेपर्यंत थांबू नका. कंपनीला लेखी विचारा की उरलेल्या काळासाठी दहशतवादाचे कलम जादा हप्ता घेऊन जोडता येईल का. ते नको असेल किंवा जमत नसेल, तर भारत गृह रक्षाचा प्रस्ताव द्या आणि नवी पॉलिसी हातात पडल्यानंतरच जुनी रद्द करा. एक दिवसाचीही फट राहू देऊ नका. बँकेचे कर्ज अजून चालू असेल, तर नव्या पॉलिसीवर बँकेच्या नावाची नोंद लागेल आणि बँकेला प्रत द्यावी लागेल. प्रस्तावात कौलारू भाग आणि स्लॅबचा भाग वेगवेगळे दाखवा. वरच्या मजल्यावर पर्यटकांना खोली देण्याचा विचार असेल, तर तो आजच लिहून कळवा, कारण ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे आणि वापर बदलल्याचे लपवल्यास ज्या दाव्याला युद्धाचे कलम लागत नाही, तोही अडकू शकतो.

दहशतवाद कलमाचे जोडपत्र मागाल तेव्हा त्यातले अपवादही वाचा. घर स्वेच्छेने सोडून गेल्यामुळे झालेले नुकसान, सरकारी आदेशाने जागा ताब्यात घेतली जाणे, त्या गोंधळात झालेली चोरी, नुसती धमकी किंवा अफवा, संगणक प्रणालीवरचा हल्ला, ही त्यांतली मुख्य. दाव्यातली काही रक्कम विमाधारकाने स्वतः सोसायची असते. तो आकडा आपल्या पॉलिसीत किती आहे, हे लेखी विचारा.

एक जुनी अट चिखलीसारख्या गावात विशेष महत्त्वाची आहे. आपल्या हातातल्या जुन्या पॉलिसीत घर तीस दिवसांहून अधिक काळ सलग बंद राहिले आणि कंपनीची आधी संमती घेतली नाही, तर संरक्षण थांबते. आखातात किंवा मुंबईत नोकरीला असलेली मंडळी चवथीपुरती येतात आणि उरलेले वर्ष घराला कुलूप असते. आपल्याकडे सासूबाई घरी आहेत, म्हणून हा प्रश्न नाही. शेजाऱ्यांना मात्र सांगा.

पुन्हा : चिखलीची सून

आज दुपारी कंपनीला पत्र पाठवले आणि पोच घेतली. दहशतवादाच्या कलमाबद्दल त्यांचे उत्तर दहा दिवसांत येईल असे सांगितले आहे. यजमानांनी फीत घेऊन दोन्ही भाग मोजले. कौलारू भाग ६२ चौरस मीटर आणि स्लॅबचे दोन मजले मिळून ११८. कर्जाच्या कागदांत पूर्ण घर १४० लिहिलेले आहे, म्हणजे तोही आकडा चुकलेलाच होता.

सासूबाईंना सगळे समजावून सांगितले. बाहेरून येऊन कोणी बॉम्ब ठेवला तर नव्या पॉलिसीत मिळेल, दुसऱ्या देशाच्या विमानाने टाकला तर मिळणार नाही, असे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या की १९६१ मध्ये बाणस्तारीचा पूल पोर्तुगीजांनी स्वतःच उडवला होता, त्याच्याजवळच्या घरांना कोणत्या कलमाने मिळाले असते? मला वाटते, माघार घेणाऱ्या सैन्याने पूल उडवणे हेही युद्धातच येईल. वकील महोदयांनी हे बरोबर आहे का, एवढे सांगावे, म्हणजे मी त्यांना उद्या सांगेन.

उत्तर : वकील (मडगाव)

बरोबर आहे. पूल कोणत्या बाजूने उडवला याने फरक पडत नाही. युद्धाच्या ओघात सैन्याने केलेले कृत्य म्हणून ते ‘शत्रुत्वाच्या किंवा युद्धसदृश कारवाया’ या शब्दांत बसते. क्षेत्रफळाची दुरुस्ती मात्र नव्या प्रस्तावापुरती ठेवू नका. चालू पॉलिसीवरही ती लेखी करून घ्या, कारण नवी पॉलिसी येईपर्यंत दावा झाला तर सर्वेक्षक १४० हाच आकडा धरेल, आणि जुन्या आग-विम्यात विम्याची रक्कम कमी पडली तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते.